साडूंच्या पिकपची बखर

श्री आई प्रसन्न. जिने चाकास गोलाई दिली, लोखंडास गंज दिला आणि साडूस साडू दिला, तिजला आधी दंडवत घालून मग लेखणी उचलिली. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठ मास, ते समयापासून माघी जत्रेपर्यंत आमचे राज्यात जे घडले ते जैसे पाहिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर तेथील लोक भांडावयास येतील, आणि लिहिणारा राहतो तेथेच. लिहिणाऱ्याचेही नाव नाही. श्रीमंत फत्तेसिंगराव खराडे, पिठाच्या गिरणीचे अधिपती, यांचे पदरी दळणाच्या डब्यांवर खडूने नावे घालणे हे आमचे काम. अक्षर बरे म्हणोन ही कामगिरी आमची आम्हीच अंगावर घेतली. सरकारचे पीठ खाल्ले आहे, तेव्हा बाजू त्यांचीच लिहू. पण घडले ते घडले, त्यास आम्ही काय करणार?

राज्याचे मुख्य आबासाहेब डुबल, देवीचे मानकरी. त्यांस पुत्र नाही, कन्या दोन. थोरली इंदुमतीबाई आमचे सरकारास दिली, आणि धाकटी रत्नप्रभाबाई जयवंत बोंद्रे यांस दिली. हे जयवंतराव लोखंडी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करणार. हातास चटके, कपड्यांस भोके, पण तोंड सदा हसरे. हेच आमचे सरकारास पहिल्यापासून खुपे. "माणसानं इतकं हसू नये, काहीतरी लपवत असतो," ऐसे ते बोलत, आणि आम्ही मान डोलवीत असू.

आबासाहेबांचे दारी पूर्वी एक पिकप होती. विलायती घाटाची, गोल डोळ्यांची, फुगीर मडगार्डांची, हिरव्या रंगाची, पुढे केबिन आणि मागे लाकडी फळ्यांचा उघडा हौदा. माघी पौर्णिमेस देवीचा मुखवटा त्या हौद्यात विराजमान होऊन नदीस स्नानास जाई. केबिनीत गाडी हाकणारा, मध्ये आबासाहेब, आणि खिडकीशी थोरले जावई. खिडकीबाहेर रबरी फुग्याचा पितळी भोंगा. गाडी वेशीत आली की थोरल्या जावयाने हात बाहेर काढून तो दाबावयाचा, मग 'भ्वांऽऽ' ऐसा गंभीर नाद व्हावयाचा, आणि मग देवीने वेस ओलांडावयाची. हा मान आमचे सरकारांचा. वर्षभर पिठाने पांढरे जाहलेले सरकार त्या एका दिवशी भगवा फेटा बांधून खिडकीत बसत आणि सारा मुलूख त्यांजकडे पाही. खोटे कशास बोलू, त्या एका दिवसावर ते सारे वर्ष काढीत.

मग गाडी म्हातारी जाहली. पाटे मोडले, तळ गंजला, चासी म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा चिरला. सरकार आबासाहेबांस बोलिले, "मामा, द्या हे भंगारवाल्याला. दारात मेलेलं जनावर ठेवल्यागत दिसतंय." आबासाहेबांनी जड जिवाने ऐकिले आणि गाडी गेली. भोंगा मात्र सरकारांनी आधीच पिळून काढून घेतला होता. मनात बेत ऐसा की आपण स्वतः नवा टेम्पो घेऊ, त्यास भोंगा लावू आणि मान अधिक वाढवू. टेम्पो काही आला नाही. भोंगा गिरणीच्या माळ्यावर पडला, त्याचा फुगा उंदरांनी खाल्ला, आणि देवी भाड्याच्या टेम्पोतून जाऊ लागली. वेशीत तो टेम्पो 'पीं पीं' करी आणि आबासाहेब मान खाली घालीत. सरकार तेव्हाही खिडकीशी बसत, पण त्यांजकडे कोणी पाहीना.

ऐसे चालले असता ज्येष्ठात आबासाहेबांनी दोन्ही जावयांस आमरसाचे जेवणास बोलाविले. आम्हीही गेलो, सरकार जेथे जेवतात तेथे आमचे पान मागाहून पडतेच. जेवता जेवता आबासाहेब बोलिले, "वय झालं बघा. त्या जुन्या गाडीत बसून एकदा आईसंगं नदीला जावं, एवढीच आस राहिली." सरकार बोलिले, "मामा, गेलेली वस्तू कुठनं आणायची?" तेव्हा जयवंतराव पुरीचा घास हाती तैसाच धरोन म्हणाले, "मामा, करूया की!"

"काय करूया?"

"गाडी. तसल्या गाड्यांची वेडी माणसं जगभर आहेत. त्यांच्यासाठी कारखानेवाले एकेक भाग नवा करतात, हुबेहूब जुन्या घाटाचा. चासीपासून दाराच्या मुठीपर्यंत समदं मिळतं. मागवायचं आणि जोडायचं."

सरकार इतके हसले की रस सदऱ्यावर सांडला. "अहो पाव्हणं, सुटे भाग जोडून गाडी होत असती तर जोंधळे जोडून भाकरी झाली असती!" सारे हसले. जयवंतरावही हसले. आणि आषाढ लागताच चासी आली.

ती आली तो समारंभ काय वर्णावा! मालमोटारीतून उतरली, काळी कुळकुळीत, लांबलचक, आणि वर्कशॉपापुढे माणसे जमली. मग पाटे आले, मग इंजिन आले, मग चाके आली, मग दूरच्या मुलखाहून खोक्यांत बांधलेली केबिन आली, रंगावाचून उघडी, नुसता पत्रा. मग फुगीर मडगार्डे आली आणि गोल दिवे आले. प्रत्येक खोके उघडले की गावात वार्ता फुटे, आणि गिरणीत दळण घेऊन आलेली बाई पहिले वाक्य तेच बोले. "ऐकलंत का, आज बोंद्र्यांकडं जाळी आली म्हणं, पुढची, चकचकीत!" सरकार जात्याचा आवाज वाढवीत. पीठ जाड पडे. आम्हांस सांगत, "तिच्या डब्यावर नाव बारीक घाल."

जळफळाट म्हणजे काय ते आम्ही त्या पावसाळ्यात पाहिले. सरकारांस जेवण गोड लागेना. भिंतीस लाविलेले देवीचे चित्रही त्यांस हसते ऐसे वाटू लागले. न पाहिले तर चैन पडेना, पाहिले तर अंगाचा तिळपापड. मग काहीतरी निमित्त काढून रोज वर्कशॉपात स्वारी जाई. कधी किल्ली मागावयास, कधी गिरणीचा नट दाखवावयास, कधी नुसतेच, "इकडून चाललो होतो, म्हटलं बघावं." आम्ही मागे. जयवंतराव काम टाकून उठत आणि म्हणत, "या दाजी! बसा, चहा येतोय." आणि बसावयास काय देत? खुर्ची नव्हे. गाडीच्या बैठकीचा लोखंडी सांगाडा! वर एक गोणपाट टाकिलेले, तेवढेच. सरकार देहाने भारदस्त, सांगाडा करकरे. सरकार चहा पीत, आणि जयवंतराव मागे उभे राहून खडूने कसल्या कसल्या रेघा ओढीत, मग म्हणत, "दाजी, जरा खिडकीकडं सरका. हां. आता हात बाहेर काढा बघू." सरकार कपाळास आठ्या घालोन हात बाहेर काढीत.

परतीच्या वाटेवर त्यांचा भडका उडे. "थोरल्या साडूला लोखंडावर बसवतो! त्याच्या घरी खुर्च्या नाहीत का? मुद्दाम करतोय. गाडी काय करायला घेतली, डोकं आभाळाला लागलं!" आम्ही म्हणालो, "सरकार, अपमानच हा." म्हणालो खरे. आम्हांस तर तेथे उभेच ठेवीत, त्याविषयी कोणास काही वाटले नाही.

मग कार्तिकात देवीने आमचेकडे पाहिले ऐसे वाटले. दारे आली आणि लागेनात! केबिन एका कारखान्याची, दारे दुसऱ्याची. दोघांनीही हुबेहूब म्हणोन केलेली, पण दोघांचे हुबेहूब वेगळे. वर बोटभर फट, खाली पत्र्यास पत्रा घासे, आणि दार आपटले तर पुन्हा उघडे. बॉनेटही एका अंगास उचललेले. गावात हशा पिकला. सरकारांनी त्या दिवशी घरी मटण करविले. इंदुमतीबाई म्हणाल्या, "आज कसला सण आहे?" सरकार बोलिले, "सण लागतो कशाला? माणसानं आनंदात राहावं." आणि दुसरा रस्सा वाढून घेतला. रोज वर्कशॉपावरून जाताना मोठ्याने खोकून विचारीत, "काय पाव्हणं, दार लागलं का?" जयवंतराव डोळ्यांवरची काच वर करून म्हणत, "नाही लागलं अजून, दाजी. लागंल." मग कापीत, जोडीत, घाशीत, बिजागरीखाली पत्र्याच्या चकत्या घालीत, पुन्हा काढीत. कोणास शिवी नाही, कारखान्यास बोल नाही. असा माणूस डोक्यात जातो की नाही, वाचणाऱ्यांनीच सांगावे.

एके दिवशी सरकार ऐसेच खोकले आणि विचारिले. जयवंतरावांनी एका बोटाने दार लोटिले. 'खट्'. एवढाच आवाज. जड, गोल, बेताचा. सरकार तेथून निघाले ते घरी येऊन पानावर बसले आणि पहिला घास तोंडात घालोन उठले. "दारं काय, आमच्या घरालाही आहेत," एवढे बोलिले आणि निजले.

मार्गशीर्षात गाडीस रंग बसला, तोच जुना हिरवा, आणि जयवंतरावांनी गाडीपूजन केले. आबासाहेब त्या दिवशी तापाने पडले होते, आले नाहीत. रीत ऐसी की साडूने गाडी केली तर थोरल्या साडूने आहेर द्यावा. सरकार माळ्यावर चढले, धूळ झटकीत उतरले, आणि त्यांचे हाती तो भोंगा. पितळ काळे पडलेले, फुगा अर्धा खाल्लेला. इंदुमतीबाई बोलिल्या, "अहो, हे काय देताय? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कळणारच नाही. लाल फडक्यात बांधतो. घरी जाऊन उघडील तेव्हा त्याला कळंल त्याची किंमत किती ती."

मग लाल फडक्यात बांधून, वर हळदकुंकू लावून, हसऱ्या तोंडाने दिला. जयवंतरावांनी दोन्ही हातांनी घेऊन कपाळास लाविला. सरकार घरी येताना शीळ घालीत होते. रागाने दिलेली वस्तू माणूस लौकर विसरतो, तैसे ते विसरले. आम्हीही विसरलो.

पौष सरला आणि आबासाहेबांनी फर्माविले की या वर्षी आई या पिकपमध्ये बसेल. गाव हर्षले. सरकारांचा मात्र रंग उतरला. गाडी जयवंतरावांची, हाकणार जयवंतराव, मग खिडकीशी तो आपला भाऊ बसवील, आपला कोणी मित्र बसवील; ज्याची गाडी त्याचा मान, ऐसेच जग म्हणेल. सरकार गिरणीच्या ओट्यावर डोके धरोन बसले. "माझं काय राहिलं रे? तेवढी एक जागा होती." हे ऐकोन आम्हांस वाईट वाटले. मग एकाएकी उठले. "गाडीच नको तिथं. ही ती गाडीच नव्हे! सगळे भाग नवे. तीत आई कशी बसंल?"

जत्रेच्या आधी देवळात सारे जमले असता सरकारांनी उभे राहून ऐसा वाद मांडिला. आईचा मान जुन्या गाडीचा. ही गाडी बाजारी भागांची. हिच्यात जुन्या गाडीचे काय आहे? आबासाहेब गोंधळले. धोंडू गुरव म्हणाले, "कौल लावू." आमचे राज्यात जे मिटत नाही ते कौलाने मिटते. देवीच्या दोन्ही खांद्यांस भिजवून फुलाची एकेक पाकळी लावावयाची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सरकार पुढे सरले आणि म्हणाले, "बोलणं मी घालतो." आणि हात जोडून मोठ्याने बोलिले, "आई, जुन्या गाडीचा एक जरी भाग ह्या गाडीत असला तर उजवा कौल दे. नसला तर डावा. आणि असलाच, तर मी, फत्तेसिंग खराडे, त्या गाडीच्या मानाच्या जागेवर जन्मात बसणार नाही!"

देवळात कुजबूज उठली. इंदुमतीबाई बायकांतून म्हणाल्या, "अहो, आईपुढं असलं बोलू नये." सरकारांनी ऐकिले नाही. ऐकावे कशास? जुनी गाडी त्यांनीच डोळ्यांदेखत भंगारात घातलेली.

उजवी पाकळी पडली.

"खोटं!" सरकार ओरडले. "कुठाय भाग? दाखवा मला!"

जयवंतराव खांबाशी खाली मान घालोन उभे होते. ते हसत नव्हते, हे आम्ही प्रथमच पाहिले. म्हणाले, "दाजी, राहू द्या ना. मिटवा इथंच."

"मिटवा काय? दाखवा म्हणतो ना!"

मग जयवंतराव बाहेर गेले, दारी उभ्या गाडीच्या खिडकीशी बांधलेली कापडी पिशवी सोडली, आणि आतला फुगा दाबिला. भ्वांऽऽ! आबासाहेब पायरीवर बसले होते, ते काठीवाचून उभे राहिले. "हा... हा तर आपला भोंगा. कुठनं आला हा?"

"दाजींनी दिला, आहेरात," जयवंतराव बोलिले. "फुगा तेवढा नवा बसवला. तुम्हांला वेशीतच ऐकवायचा होता."

मग काय विचारता! लोकांनी आमचे सरकारास वेढा घातला. कोणी म्हणे धन्य थोरले जावई, कोणी म्हणे इतकी वर्षे जिवापाड जपला, कोणी पाया पडे. जन्मात इतकी वाहवा त्यांस कधी मिळाली नव्हती, आणि सरकार मध्ये उभे, तोंड ऐसे की रडावे का मारावे ते कळेना. आबासाहेबांनी त्यांस उराशी धरिले. त्यांनी धरवून घेतले.

तितक्यात जयवंतरावांनी गाडीचे खिडकीकडचे दार उघडिले, आणि सर्वांनी आत पाहिले. बैठकीचे खिडकीकडचे अंग चांगले रुंद, खोल, पाठ जरा कललेली, आणि खिडकीस कोपर टेकावयास गादी शिवलेली. हाकणाऱ्याची जागा मात्र चिंचोळी. जयवंतराव सरकारांस हळूच म्हणाले, "दाजी, तेवढं बोलणं मागं घ्या की. ही जागा तुमच्याच मापाची केलीय. तुम्ही रोज यायचा, बसायचा, तवाच मापं घेतली. बाजारातली सीट तुम्हांला आली नसती."

सरकार त्या जागेकडे पाहात राहिले. मग गुरवाकडे पाहिले. गुरव मान हालवून म्हणाले, "आईपुढं बोललं ते बोललं, सरकार. ते मला सोडवता यायचं नाही."

सरकार आम्हांस म्हणाले, "ह्याच्यापेक्षा त्यानं मला चार लोकांत शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

माघी पौर्णिमा आली. पिकप सजली, ऊस बांधिले, झेंडूच्या माळा घातल्या, मुखवटा हौद्यात विराजला. जयवंतराव हाकावयास बसले, आबासाहेब मध्ये बसले. खिडकीशी कोणास बसवावे म्हणोन लोकांनी दोघातिघांस चढवून पाहिले. जो तो त्या खोल जागेत घसरे, इकडून तिकडे हाले. शेवटी आबासाहेब बोलिले, "राहू द्या रिकामी." आमचे सरकार फेटा बांधून आले होते. ते मागे हौद्यात चढले, ढोलवाल्यांत बसले, आणि आम्ही त्यांजपाशी. केबिनीस मागे काच आहे. त्या काचेतून ती जागा दिसते. सरकार सारी वाट त्या काचेतून पाहात होते. लोक दोहों बाजूंस उभे राहून गाडी वाखाणीत होते, जयवंतरावांचे नाव घेत होते. सरकारांच्या कानी ते जात होते की नाही, न कळे.

वेस आली आणि गाडी थांबली. भोंगा थोरल्या जावयाने गाडीतूनच वाजवावयाचा, आणि वाजविणारा खिडकीशी नाही. आबासाहेबांनी रिकाम्या जागेवरून हात लांबविला. तो खिडकीपर्यंत पोचेना. ढोल थांबले. जयवंतरावांनी मान वळवून मागच्या काचेवर टकटक केले, आणि काचेपलीकडून ओरडले, "दाजी! बसणार नाही म्हणालात, दाबणार नाही म्हणाला नव्हता!"

सरकार फळीकडे सरले. मग आम्हांस म्हणाले, "कंबर धर माझी." आणि हौद्याच्या फळीवर पोट टेकून तो भारदस्त देह अर्धा बाहेर लोटिला, केबिनीच्या कडेने हात लांबविला, आणि आम्ही कमरेस मिठी मारून मागे ओढीत आहो, फेटा सुटून रस्त्यावर लोळतो आहे, ऐसे होऊन बोटे कशीबशी फुग्यास पोचली. दाबिला. भ्वांऽऽ! आबासाहेब पुढे लहान मुलासारखे रडू लागले. आईने वेस ओलांडिली.

लोकांनी जयजयकार केला. सरकार परत येऊन बसले, धापा टाकीत, डोळे पुशीत. आम्ही म्हणालो, "सरकार, आता तरी पोटातली आग विझली असेल." ते काचेकडे पाहात बोलिले, "कशी विझंल? बघ ना, किती आरामाची जागा आहे."

तात्पर्य इतकेच. बाजारी भाग जोडोनि गाडी जाहली, आबासाहेबांची आस पुरली, देवी प्रसन्न जाहली, आणि जयवंतरावांनी त्यानंतर त्या जागेवर कोणास बसविले नाही. ती पिकप आजही गावातून हिंडते, गेट पोचविते, आणि जागा रिकामीच असते. गिरणीपुढून गेली की आमचे सरकार तोंड फिरवितात. मग कोणी बसले तर नाही ना, म्हणोन पुन्हा पाहतात.